कोबोल : व्यवहाराची भाषा आणि विद्यापीठीय उपेक्षा – एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय भाषांच्या इतिहासात ज्या भाषेची सर्वाधिक निंदा झाली आणि तरीही जिचा वापर थांबला नाही, अशी भाषा म्हणून कोबोलचा उल्लेख करावा लागतो. 'कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज' या इंग्रजी नावातील अक्षरांपासून हा शब्द तयार झाला. १९५९-६० मध्ये अमेरिकेत जन्मलेली ही भाषा साठ वर्षांनंतरही बँका, विमा कंपन्या आणि शासकीय खाती यांच्या मोठ्या संगणकांवर रोजचे काम करीत आहे. याउलट संगणकशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून ती बहुतांशी हद्दपार झाली आहे.

या विसंगतीचे दोन सोपे खुलासे नेहमी दिले जातात. कोबोल ही मुळात सदोष भाषा असून केवळ जडत्वामुळे ती टिकली, हा पहिला खुलासा. ती इतर भाषांपेक्षा श्रेष्ठ असल्यानेच टिकली, हा दुसरा. प्रस्तुत लेखात हे दोन्ही खुलासे तपासले आहेत. कोबोलने जी आश्वासने दिली होती त्यांपैकी काही फसली व काही अर्धवट पुरी झाली; मात्र ज्या गुणाची तिच्या प्रचारकांनी फारशी जाहिरात केली नाही, त्या गुणावर ती तगून राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे. तसेच तिच्या नावावर टाकलेले अनेक दोष वस्तुतः ती वापरणाऱ्या संस्थांचे आणि तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्या विद्याक्षेत्राचे आहेत, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उगमाची पार्श्वभूमी

१९५० च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या संगणकाची आज्ञाप्रणाली वेगळी असे. संगणक बदलला की वेतनपत्रके, साठ्याचे हिशेब, विम्याचे हप्ते यांच्या आज्ञावली पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागत. या खर्चाचा सर्वाधिक भार मोठ्या ग्राहकांवर पडत होता आणि अमेरिकेचे संरक्षण खाते हा त्यांतील एक प्रमुख ग्राहक होता.

व्यापारी कामासाठी एक सामाईक भाषा असावी, हा विचार बरोज कंपनीतील मेरी हॉज यांनी पुढे रेटला. ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक लहानशी बैठक झाली आणि संरक्षण खात्याने या कामाचे यजमानपद घ्यावे असे ठरले. २८ व २९ मे १९५९ रोजी पेंटागॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली व्यापक परिषद भरली. तिच्यातून पुढे 'कोडासिल' या नावाने ओळखली गेलेली संघटना उभी राहिली. भाषेच्या कामासाठी अल्प, मध्यम व दीर्घ मुदतीच्या समित्यांची योजना होती. अल्प मुदतीच्या समितीवर सहा संगणक उत्पादक आणि तीन शासकीय संस्था यांचे प्रतिनिधी होते. उपलब्ध भाषांचे गुणदोष पाहून काही काळ चालेल अशी सोय करावी, इतकीच तिच्याकडून अपेक्षा होती. दीर्घ मुदतीची समिती प्रत्यक्षात कधी स्थापनच झाली नाही. तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था कायमची झाली, हे कोबोलच्या चरित्राचे पहिले वैशिष्ट्य होय.

भाषेच्या तपशीलाचा मुख्य आराखडा सहा व्यक्तींच्या उपगटाने तयार केला. त्यात आयबीएमचे विल्यम सेल्डन व गर्ट्रूड टियर्नी, आरसीएचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग व हॉवर्ड डिस्काउंट, तसेच सिल्व्हेनियाचे व्हर्नन रीव्ह्ज व जीन सॅमेट यांचा समावेश होता. ग्रेस हॉपर यांना 'कोबोलची जननी' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या 'फ्लो-मॅटिक' या भाषेचा कोबोलवर सर्वांत मोठा प्रभाव पडला, हे निर्विवाद आहे. तथापि, कोबोलची रचना हॉपर यांनी केली नाही आणि ती एका व्यक्तीची निर्मितीही नव्हती, याकडे स्वतः सॅमेट यांनी वारंवार लक्ष वेधले. इतिहासलेखनात एकाच नायकाचा शोध घेण्याची सवय समित्यांच्या कष्टांना कशी झाकून टाकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काम चालू असतानाच त्याच्या यशाविषयी शंका घेतल्या जात होत्या. ब्रॉमबर्ग यांनी वैतागून 'कोबोल' असे कोरलेला एक थडग्याचा दगड विकत घेतला व तो फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. मात्र १९६० च्या आरंभी आराखडा मान्य झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकच आज्ञावली किरकोळ बदलांसह आरसीए व युनिव्हॅक या दोन भिन्न संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. आपण घेणार असलेल्या संगणकावर कोबोल उपलब्ध असावी, अन्यथा तिची गरज नसल्याचे उत्पादकाने सिद्ध करावे, अशी अट पुढे संरक्षण खात्याने घातली. कोबोलच्या प्रसारात भाषेच्या गुणांइतकाच खरेदीदाराच्या या अटीचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

वाचनीयतेचे आश्वासन

कोबोलचा सर्वांत गाजलेला दावा वाचनीयतेचा होता. 'सबट्रॅक्ट', 'मूव्ह', 'परफॉर्म' अशी इंग्रजी क्रियापदे, संयोगचिन्हांनी जोडलेली व तीस अक्षरांपर्यंत लांब असू शकणारी नावे, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आणि वाक्यांचे परिच्छेद, असा तिचा थाट आहे. यंत्रभाषा न जाणणाऱ्या व्यवस्थापकालाही आज्ञावली वाचता यावी, अशी त्यामागील अपेक्षा होती.

हे आश्वासन फारसे पुरे झाले नाही. वेतनातून वजावट करण्याचे एक वाक्य कोणालाही समजते. परंतु ती वजावट केव्हा, कोणत्या अटीवर आणि कोणत्या आधीच्या परिच्छेदानंतर होते, हे कळण्यासाठी आज्ञावलीचा संपूर्ण प्रवाह ध्यानात ठेवावा लागतो. शब्द ओळखीचे असले म्हणून तर्क ओळखीचा होत नाही. कायद्याच्या कलमातील प्रत्येक शब्द वाचकास ठाऊक असूनही कलमाचा अर्थ लावण्यास वकील लागतो, तसाच हा प्रकार आहे.

या संदर्भात हॉपर यांनी १९७८ मध्ये सांगितलेली एक आठवण उद्बोधक आहे. इंग्रजी शब्दांच्या आज्ञावलीबरोबरच फ्रेंच व जर्मन शब्दांचीही आज्ञावली त्यांच्या गटाने व्यवस्थापनास दाखविली होती. अमेरिकन संगणकाला परक्या भाषा कशा समजतील, या विचाराने व्यवस्थापन धास्तावले. यंत्राच्या दृष्टीने हे सर्व शब्द केवळ खुणा होत्या. त्यांच्या जागी मराठी शब्द योजले असते तरी यंत्राला फरक पडला नसता. व्यवस्थापकांना मात्र यंत्र 'इंग्रजी समजते' असे वाटले. कोबोलच्या इंग्रजीपणाने आज्ञावली सुबोध झाली त्यापेक्षा ती विश्वासार्ह वाटू लागली, असे म्हणणे अधिक वस्तुनिष्ठ ठरेल.

वर्णनाचे सामर्थ्य

कोबोलचे खरे बळ तिच्या क्रियापदांपेक्षा विदेच्या वर्णनात आहे. प्रत्येक आज्ञावलीचे चार विभाग असतात : ओळख, परिसर, विदा आणि कार्यपद्धती. कोणत्या माहितीवर काम करावयाचे आहे, तिचे सविस्तर वर्णन कार्यपद्धतीच्या आधी आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे करावे लागते. हे वर्णन स्तरांत होते. ०१ या स्तरावर 'कर्मचारी' ही पूर्ण नोंद, ०५ वर 'नाव' व 'वेतन', आणि वेतनाच्या खाली १० वर 'मूळ वेतन' व 'महागाई भत्ता', अशी उतरंड मांडता येते. कार्यालयातील छापील फॉर्मवर जसे रकाने व उपरकाने असतात, तशीच ही रचना आहे.

प्रत्येक रकान्याचे स्वरूप 'पिक्चर' या उपवाक्याने ठरते. किती अंक, किती अक्षरे, दशांशचिन्ह कोठे मानावयाचे आणि ऋणचिन्ह असेल की नाही, हे सर्व त्यात अक्षरशः चित्रासारखे मांडले जाते. छपाईच्या चित्रात स्वल्पविराम जेथे मांडावा तेथेच उमटतो. त्यामुळे तीन-तीन अंकांची पाश्चात्त्य मांडणी जितक्या सहजतेने होते, तितक्याच सहजतेने लाख व कोटींची भारतीय मांडणीही होते. ८८ या विशेष स्तरावर 'निवृत्त' किंवा 'रजेवर' अशा अवस्थांना नावे देता येतात. प्रचारकांनी मिरवलेली वाचनीयता जर कोठे खऱ्या अर्थाने सापडत असेल, तर ती येथे.

दुसरे बळ दशमान गणिताचे आहे. बहुतेक भाषांतील नेहमीची अपूर्णांक-गणना द्विमान पद्धतीने होते आणि त्या पद्धतीत दहा पैसे, म्हणजे एक दशांश रुपया, ही साधी रक्कमही अचूक लिहिता येत नाही. विज्ञानातील मापनात अशी सूक्ष्म त्रुटी चालून जाते. जमा-नावे यांच्या ताळमेळात ती चालत नाही. कोबोलमध्ये दशांशस्थान निश्चित असलेल्या दशमान संख्या पहिल्यापासून भाषेचाच भाग आहेत. पूर्णांकन कोठे करावयाचे आणि रक्कम रकान्यात मावली नाही तर काय करावयाचे, हेही आज्ञेतच सांगता येते. नंतरच्या अनेक भाषांनी ही सोय जोडग्रंथालयांद्वारे उपलब्ध करून दिली, हे खरे आहे. परंतु तेथे प्रोग्रामरला ती आठवणीने वापरावी लागते. कोबोलमध्ये ती गृहीत असते.

रोजकीर्दीतील नोंदी क्रमाने लावून त्या खतावणीतील खात्यांवर चढवायच्या, ही हिशेबनिसांची जुनी रीत आहे. कोबोलच्या अभिजात आज्ञावली दिवसभराच्या व्यवहारांची फाईल क्रमवार लावून मुख्य फाईलशी जुळवितात, तेव्हा त्या हीच रीत पाळतात. ही भाषा गणितज्ञांच्या सूत्रांपासून न निघता कारकुनाच्या टेबलावरून निघाली. विद्याक्षेत्राला ती क्षुद्र वाटली याचे, आणि व्यवहाराला ती आपली वाटली याचे, कारण एकच आहे.

विद्याक्षेत्राचे आक्षेप

कोबोलवरील टीकेत तथ्य नाही असे मुळीच नाही. मूळ भाषेत परिच्छेदांना स्वतःची बंदिस्त विदा नव्हती. विदा-विभागातील कोणताही रकाना कोणत्याही परिच्छेदातून बदलता येई. 'ऑल्टर' या आज्ञेने तर आज्ञावली चालू असतानाच 'गो टू'चे गंतव्य बदलता येत असे. म्हणजे कागदावर लिहिलेली आज्ञा एक आणि प्रत्यक्ष घडणारी क्रिया दुसरी. एका पूर्णविरामाच्या चुकीने अटीची व्याप्ती बदलून जाई. हे दोष गंभीर होते आणि १९८५ च्या प्रमाणात अटींना स्पष्ट समाप्ती देणारे शब्द येईपर्यंत त्यांतील काही तसेच राहिले. 'ऑल्टर' तर २००२ च्या प्रमाणातच वगळली गेली.

तथापि, टीकेचा सूर अनेकदा तपासणीचा नसून तुच्छतेचा होता. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मधील एका टिपणात, कोबोल बुद्धीला पंगू करते व तिचे अध्यापन हा गुन्हा मानावा, अशा आशयाचे विधान केले. हे विधान इतके लोकप्रिय झाले की पुढच्या पिढ्यांनी भाषा न पाहताच निकाल स्वीकारला. बेन श्नायडरमन यांनी १९८५ मध्ये या दुराव्याची कारणे शोधताना एक महत्त्वाची बाब नोंदविली. कोबोलच्या निर्मितीत विद्यापीठीय संगणकशास्त्रज्ञांचा सहभाग जवळजवळ नव्हता आणि त्यांच्या परिभाषेशीही निर्मात्यांनी नाते जोडले नाही. त्याच सुमारास आलेल्या अल्गोल ६० चे व्याकरण काटेकोर औपचारिक संकेतनात मांडले गेले होते; कोबोलच्या समितीने स्वतःची वेगळी संकेतपद्धती वापरली. उपेक्षा उभयपक्षी होती. तिचा परिणाम मात्र एकतर्फी झाला : ज्या दोषांची चिकित्सा विद्यापीठांत होऊन उपाय निघावयास हवे होते, ते दोष संस्थांच्या तळघरांत साचत राहिले.

प्रमाणभाषा आणि बोली : मुंबईचा संदर्भ

सर्व यंत्रांवर एकच भाषा, हे कोबोलचे दुसरे मोठे आश्वासन होते. अमेरिकेत १९६८, १९७४ व १९८५ मध्ये तिची प्रमाणे प्रसिद्ध झाली. पुढे २००२, २०१४ व २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणे आली. तरीही प्रत्येक उत्पादकाने आपापल्या यंत्राच्या सोयीने भर घातली आणि प्रमाणभाषेच्या बोली तयार झाल्या.

या बोलींचा भारताशी थेट संबंध आहे. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने निर्यातीच्या प्रारंभकाळात, १९७४ च्या सुमारास, बरोज कंपनीसाठी एक काम केले. बरोजच्या एका श्रेणीतील संगणकाच्या कोबोलमध्ये असलेली रुग्णालयविषयक प्रणाली त्याच कंपनीच्या दुसऱ्या श्रेणीतील संगणकाच्या कोबोलमध्ये आणणे, असे त्याचे स्वरूप होते. एकाच उत्पादकाच्या दोन यंत्रांवरही आज्ञावली जशीच्या तशी चालू शकत नव्हती, हे त्यातून दिसते. कोबोलचे आश्वासन पूर्णतः खरे ठरले असते तर या कामाची गरज पडली नसती. पूर्णतः खोटे ठरले असते तर ते इतक्या दूर बसून करता आले नसते. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात या दोहोंमधल्या फटीतून झाली.

इसवी सन २००० च्या प्रश्नाने ही फट रुंद केली. वर्षासाठी दोनच अंक राखून ठेवलेल्या लक्षावधी रकान्यांची तपासणी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारताकडे आले. चेन्नई येथे याच कंपनीने उभारलेली व्यवस्था 'वायटूके फॅक्टरी' म्हणून ओळखली गेली. महाराष्ट्रातील शहरांतून खाजगी प्रशिक्षण संस्थांत कोबोल शिकलेल्या अनेक तरुणांना या काळात परदेशी कामाची संधी मिळाली. या संकटाचे खापर कोबोलवर फोडले जाते, ते मात्र उचित नाही. चार अंकांचे वर्ष लिहिण्यास भाषेने कधीच मज्जाव केला नव्हता. ऐंशी रकान्यांच्या छिद्रित कार्डावर आणि महागड्या स्मृतीत जागा वाचविण्याचा निर्णय माणसांनी घेतला आणि जागा स्वस्त झाल्यावरही तो बदलला नाही. अनेक ठिकाणी दुरुस्तीही तात्पुरतीच झाली : एका ठरावीक अंकाखालील वर्षे नव्या शतकातील मानावीत, असा नियम घालून प्रश्न पुढे ढकलला गेला.

टिकून राहण्याचा अर्थ

कोबोलच्या आजच्या व्याप्तीविषयी फिरणारे आकडे सावधपणे घ्यावयास हवेत. २०१७ मध्ये रॉयटर्सने दिलेला २२० अब्ज ओळींचा आकडा सर्वत्र उद्धृत झाला. २०२२ मध्ये मायक्रो फोकस या कंपनीने करविलेल्या पाहणीत हाच आकडा ७७५ ते ८५० अब्ज सांगितला गेला. पाच वर्षांत भाषा चौपट वाढली असे कोणी म्हणणार नाही. शिवाय कोबोलची साधने विकणे हा त्या कंपनीच्या व्यवसायाचा भाग होता. बँकांच्या आज्ञावली बंदिस्त असतात व त्यांची मोजणी कोणी करू शकत नाही. म्हणून ओळींच्या संख्येवरून भाषेचे महत्त्व सिद्ध करणे टाळलेले बरे.

बदलाच्या खर्चावरून काढलेला निष्कर्ष अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने २००८ मध्ये आपली गाभाप्रणाली बदलण्याचे काम हाती घेतले. ते सुमारे पाच वर्षे चालले आणि त्यावर एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च झाला. एका भाषेतील वाक्ये दुसऱ्या भाषेत नेणे एवढेच काम असते तर इतका काळ व पैसा लागला नसता. खरी अडचण अशी की दशकानुदशके बदललेले व्याजाचे नियम, अपवाद, कायद्यातील दुरुस्त्या आणि जुन्या करारांच्या अटी यांचा पूर्ण लेखाजोखा बऱ्याचदा केवळ आज्ञावलीतच उरलेला असतो. परिपत्रके गहाळ झालेली असतात व ती लिहिणारे निवृत्त झालेले असतात. अशा वेळी आज्ञावली हे साधन न राहता संस्थेचे दप्तर बनते.

२०२० मधील घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. कोविडच्या टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेत साठ लाखांहून अधिक लोकांनी बेकारभत्त्यासाठी अर्ज केले. त्याच वेळी नव्या कायद्याने भत्त्यात दर आठवड्यास ६०० डॉलरची भर घातली. एप्रिलच्या आरंभी न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले आणि प्रसारमाध्यमांनी दोष भाषेच्या वयावर टाकला. तंत्रज्ञानाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी त्याच वर्षी वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते, अर्ज स्वीकारणारे नव्या भाषेतील संकेतस्थळ कोसळले होते. मागील बाजूची कोबोल प्रणाली चालू होती. देखभालीवरील खर्च वर्षानुवर्षे कापला गेला, जाणकार कर्मचाऱ्यांची जागा भरली गेली नाही आणि अडचण आल्यावर दोष जुन्या भाषेला दिला गेला. भत्त्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा वाद केवळ तांत्रिक नव्हता.

अध्यापनाचा प्रश्न

संगणकशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत विद्यार्थी नवी आज्ञावली लिहावयास शिकतो. दुसऱ्याने लिहिलेली, जुनी, टिपणे हरवलेली आज्ञावली वाचावयास तो क्वचितच शिकतो. साहित्याच्या विभागात केवळ लेखन शिकवून वाचन वगळण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. नोकरीत मात्र त्याच्या वाट्याला बहुधा जुन्याचीच दुरुस्ती येते. कोबोलचे अध्यापन पूर्ववत सक्तीचे करावे, असा याचा अर्थ नाही. परंतु वाणिज्य व संगणकशास्त्र या दोन्ही शाखांना जोडणारे वाचनपाठ तिच्या आधारे तयार होऊ शकतात. जीएनयू कोबोल हा मुक्त कंपायलर विनामूल्य उपलब्ध आहे आणि २०२० पासून लिनक्स फाउंडेशनच्या मेनफ्रेम प्रकल्पाने मुक्त पाठ्यसामग्रीही दिली आहे.

२०२३ मध्ये आयबीएमने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोबोलचे जावामध्ये रूपांतर करणारे साधन जाहीर केले. अशा साधनांमुळे हा प्रश्न संपेल, अशी आशा व्यक्त होते. रूपांतर यंत्राने केले तरी ते मूळ नियमाशी इमान राखते की नाही, हे ठरविण्यास मूळ वाचू शकणारा व हिशेब जाणणारा माणूस लागेल. वाचकांची ती पिढीच उरली नाही, तर नव्या भाषेतही तेच न उलगडणारे दप्तर तयार होईल.

निष्कर्ष

१. कोबोलचे वाचनीयतेचे आश्वासन मोठ्या प्रमाणात फसले व सर्वयंत्रीयतेचे आश्वासन अंशतः पुरे झाले.

२. विदेचे तपशीलवार वर्णन व अचूक दशमान गणित, हे तिचे टिकाऊ गुण होत. ते हिशेबाच्या जुन्या परंपरेशी जुळणारे आहेत.

३. इसवी सन २००० चा प्रश्न व २०२० मधील बेकारभत्त्याची अडचण, यांत भाषेच्या दोषापेक्षा संस्थात्मक हलगर्जीपणाचा भाग मोठा आहे.

४. विद्याक्षेत्राने कोबोलची चिकित्सा करण्याऐवजी तिला वर्ज्य मानले; त्यामुळे जुन्या आज्ञावलींच्या वाचनाचे शास्त्र विकसित होऊ शकले नाही.

कोबोलचे मूल्यमापन करताना तिच्या वयाकडे न पाहता तिच्यात साठलेल्या व्यवहारांकडे पाहिले पाहिजे. कोणाचे तरी निवृत्तिवेतन, कोणाचा तरी विमा, कोणाची तरी ठेव त्या ओळींवर अवलंबून आहे. त्या ओळी वाचू शकणारे विद्यार्थी घडविणे, हे महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे.